सुभाष आमच्या घरचो

गोकुळदास पात्रांवांच्या, म्हणजे कारखान्याच्या मालकांच्या, तोंडात एक वाक्य बसलं होतं. कारखान्यात बँकेचा साहेब येवो, पालिकेचा अभियंता येवो, नाहीतर मांद्र्याहून फुटक्या बाटल्यांचा टेंपो घेऊन येणारा भंगारवाला येवो, पात्रांव भट्टीपाशी उभ्या माणसाकडे हात करायचे आणि म्हणायचे, "हो सुभाष. आमच्या घरचो." ऐकणाऱ्याला बरं वाटायचं, सुभाषला त्याहून बरं वाटायचं आणि पात्रांवांना तर फुकटात मोठेपण मिळायचं. बोलायला काय जातं हो? पण बोललेलं कधीतरी कोणीतरी खरं मानून बसतं, आणि मग पंचाईत होते.

कारखाना डिचोलीत, खालचा वाडा नावाच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर. काचेच्या बाटल्यांचा. फेणीच्या, सोड्याच्या, थोड्या लोणच्याच्या बरण्या. काचेच्या भट्टीची एक खोड असते, ती विझवता येत नाही. विझली की आतली काच दगड होऊन बसते आणि सगळी भट्टी फोडून काढावी लागते. म्हणून दसरा असो, चतुर्थी असो, कोणाच्या घरात लग्न असो, भट्टीशी एक जाणतं माणूस उभं असावंच लागतं. अठ्ठावीस वर्षं ते माणूस म्हणजे सुभाष. चंदगडाकडचा. भोकातून आत बघायचा आणि रंगावरून सांगायचा, अजून अर्धा तास थांबा म्हणून. पात्रांवांनी एकदा मोठ्या हौसेने उष्णता मोजायचं यंत्र आणलं. यंत्राचं आणि सुभाषचं जमेना. शेवटी यंत्रच दुरुस्तीला पाठवावं लागलं.

सुभाष आणि त्याची बायको नंदा वाड्यावरच राहायची, पात्रांवांच्या परसामागे दोन खोल्या होत्या तिथे. दर चतुर्थीला सुभाष तिलारीच्या रानातून पोतंभर फळं घेऊन यायचा आणि पात्रांवांच्या घरी गणपतीवरची रानफळांची माटोळी बांधायचा. माटोळी बाहेरच्याने बांधायची नसते, घरच्यानेच बांधायची. पण त्या घरात शिडीवर चढणारं दुसरं होतंच कोण? पात्रांवांची कंबर धरलेली, मूलबाळ नाही. त्यांची बायको देवकीबाय खालून कातरी, निरफणसाचा घोस, कांगलं असं एकेक वर द्यायची आणि सुभाष बांधायचा.

आणि घर पात्रांवांचं म्हणायचं तेही बोलण्यापुरतंच. पात्रांव मूळचे पेडण्याकडच्या पार्स्याचे. तिकडे काजूची दोन टेकाडं आणि चार भाऊ. देवकी खालच्या वाड्यावरची एकुलती एक, तिच्या बापाने जावई घरात आणला, कारखान्याला जागा दिली, वाड्यावर मान दिला. घरजावई म्हटलेलं पात्रांवांना आवडत नसे, आणि नगरसेवक झाल्यावर तसं म्हणायची कोणाची छातीही नव्हती. दोनदा निवडून आले. पहिल्यांदा दणक्यात, दुसऱ्यांदा अकरा मतांनी. त्या अकरा मतांनी त्यांची झोप खाल्ली होती. आता तिसरी वेळ, आणि समोर साईश नावाचा तरणा वकील, गोड बोलणारा, प्रत्येक म्हातारीच्या पाया पडणारा.

आता वाड्याच्या स्मशानाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. स्मशान वाड्याच्या देवळाचं, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्या महाजनांचं. तीन वर्षांपूर्वी पात्रांवांनी तिथे पालिकेकडून पत्र्याची शेड घालून घेतली. महाजनांचं म्हणणं पडलं, शेड झाली की आता भाड्याने राहणारे सगळेच आपली माणसं इथे आणतील. पात्रांव म्हणाले, त्यात काय, फळा लावूया. पेंटरला ओळ त्यांनीच सांगितली: फक्त खालच्या वाड्यावरील घरच्या मंडळींसाठी. वरती त्यांचं नाव, नगरसेवक म्हणून, लाल अक्षरांत. तेव्हा सुभाष कोणाच्या मनात होता? कोणाच्याच नाही. सुभाषच्याही नाही. तो तर फळा सरळ लागलाय का ते लांबून बघत होता आणि पेंटरला डावी बाजू जरा वर घ्यायला सांगत होता.

एका मंगळवारी सकाळी सुभाष पाळी संपवून घरी आला, नंदाला चहा टाकायला सांगितला आणि दारात बसून बूट काढायला लागला. एक बूट काढला. नंदा चहा घेऊन आली तर भिंतीला टेकून बसलेला, डोळे उघडे. डॉक्टर आले, नाडी बघितली, हृदय थांबलं म्हणाले. वय छप्पन.

पात्रांव धावत आले तेव्हा अंगात सदराही नव्हता. खोटं कशाला बोला, त्यांना रडू आलं. अठ्ठावीस वर्षं काही थोडी नव्हेत. देवकीबाय नंदाला धरून बसली होती. नंदा रडत नव्हती, एकच गोष्ट सांगत होती. सुभाषने तिला मागेच म्हणून ठेवलं होतं, गावाकडे आता कोण नाही, घर पडलं, भावकीने शेत घेतलं, मला इथंच जाळा. मुलगी स्वाती बेळगावला दिलेली, ती निघाली होती, दुपारपर्यंत पोचली असती.

"मालक, एवढं करा," नंदा म्हणाली. "दुसरं कायबी मागणार नाही."

पात्रांव म्हणाले, हे काय मागणं झालं, तू काळजी करू नकोस. आणि ते खरंच तसं समजून देवळाकडे निघाले.

देवळात महाजन जमलेच होते. कारण दुसऱ्या दिवशी, बुधवारी, उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस होता, आणि सातेरी देवीसमोर नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून मगच पात्रांव अर्ज भरायला जाणार होते. त्याचीच तयारी चालली होती. कोपऱ्यात साईशही बसला होता, त्याचाही नारळ होता. सगळ्यांत वडील महाजन सगुणबाब. ऐंशीच्या घरातला माणूस, कमी बोलणारा, पण बोलला की वाडा ऐकायचा.

सगुणबाबाने सगळं ऐकून घेतलं. वाईट झालं म्हणाला, सोन्यासारखा माणूस. मग फळ्याची आठवण काढली. गावात पालिकेचं सगळ्यांसाठी स्मशान आहे, तिथे न्यायला कोणाची हरकत नाही. पात्रांव म्हणाले, तिथे बेवारशी नेतात, ते नंदाच्या जिवाला लागेल. कोणीतरी मागून म्हणालं, एकाला दिलं की उद्या दहा येतील, आणि हा नियम पात्रांवांनीच केला ना? साईश आपल्या नारळाची शेंडी सारखी करत बसला होता. त्याला बोलायची गरजच नव्हती.

सगुणबाबाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो काही वाईट माणूस नव्हे. त्याला सुभाषला जागा द्यायची होती, आणि नियमही मोडायचा नव्हता, म्हणून त्याने सरळ वाट काढून दिली.

"तुमी सदांच म्हणटात, सुभाष आमच्या घरचो," तो म्हणाला. "तेंच देवीसमोर म्हणात. घरचो म्हळ्यार तुमच्या घराक सुतक. धा दीस पाळात. मागीर आमच्यांतलो एकूय आड येवचो ना. पयलो खांदो हांव दितां."

आता बघा. मागितलं होतं ते सगळं समोर ठेवलं होतं. तोंडातून चार शब्द काढायचे, तेही नवे नव्हेत, रोजच्या सवयीचे. पण घरच्या माणसाचं सुतक म्हणजे दहा दिवस देवळाची पायरी चढायची नाही. उद्याचा नारळ गेला, गाऱ्हाणं गेलं. अर्ज भरायला कायद्याची आडकाठी नव्हती, तो सूचकाच्या हातीही पाठवता आला असता, सुतकी माणसाचा अर्ज घेऊ नका असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पण सुतकी माणूस कोणाच्या दारात जाणार? कोण त्याला बसायला कदेल देणार, कोण पाणी देणार? मतदानाला अठरा दिवस, त्यातले दहा घरात बसून काढायचे, आणि तेवढ्यात साईश प्रत्येक उंबऱ्याला हात लावून येणार. अकरा मतं. पात्रांवांच्या डोळ्यांसमोर ती अकरा माणसं नावानिशी उभी राहिली.

त्यांनी विचारलं, सुतकाशिवाय नाही का होत? सगुणबाब म्हणाला, घरचा माणूस आणि सुतक नाही, असं कसं होईल?

नंदा तोवर देवळाच्या पायरीपाशी येऊन बसली होती. देवकीबाय तिच्या शेजारी. त्या दोघी तिथे आहेत हे पात्रांवांनी पाहिलं होतं, पाहिलं नव्हतं असं ते नंतर कधीच म्हणू शकले नाहीत.

ते सगुणबाबाकडे वळले.

"तशें पळयल्यार," ते म्हणाले, "तो म्हजो कामगार आसलो."

सगुणबाबाने एवढंच म्हटलं, "बरें तर." आणि पुढ्यातली पानं सुपारीच्या तबकात परत ठेवली.

नंदा उठली. तिने आकांत केला असता, शिव्या दिल्या असत्या तर पात्रांवांना झेपलं असतं. ती पदर खोचून सरळ कारखान्याकडे गेली आणि चंदगडच्या पोरांना म्हणाली, गाडी काढा, घाट दिवसाउजेडी चढायला हवा. पात्रांवांनी शववाहिका मागवतो म्हणून निरोप पाठवला. तिने नको म्हणून उलट निरोप पाठवला. स्वातीला परस्पर गावाकडेच यायला सांगितलं. मालाच्या गाडीतून बाटल्यांचे खोके उतरवले, खाली पेंढा तसाच ठेवला, आणि सुभाष दोडामार्गावरून तिलारीचा घाट चढून ज्या गावात त्याचं कोणी नव्हतं त्या गावाला गेला. सगळी चंदगडची माणसं त्याच्याबरोबर गेली.

भट्टीशी जाणतं कोणी उरलं नाही. त्या दुपारी पात्रांव स्वतः भोकाशी उभे राहिले. आत पिवळंजर्द काहीतरी उकळत होतं. हे पुरे आहे की कमी आहे, थांबायचं की सोडायचं, त्यांना काही म्हणता काही कळेना. पस्तीस वर्षं ते या कारखान्याचे मालक, आणि आपल्याला आपलीच भट्टी वाचता येत नाही हे त्यांना त्या दिवशी कळलं. संध्याकाळपर्यंत निघालेला माल सगळा बुडबुड्यांचा. तो त्यांनी परत फोडून आत टाकायला लावला.

बुधवारी नारळ ठेवला. गाऱ्हाणं झालं. सगुणबाबाने रीतीप्रमाणे सगळं नीट म्हटलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. देवकीबाय देवळात आली नाही. अंग बरं नसेल म्हणून पात्रांवांनी ते कानामागे टाकलं आणि वीस-पंचवीस माणसं घेऊन अर्ज भरून आले.

मग प्रचार सुरू झाला. पात्रांवांना धास्ती होती, लोक काय म्हणतील, तोंडावर काही बोलतील का? कोणी काही बोललं नाही. ज्या दारात जावं तिथे कदेल पुढे यायची, पाण्याचा तांब्या यायचा, कोकमाचं सरबत यायचं. बायका दारातून हसून या म्हणायच्या. पात्रांवांच्या जिवात जीव आला. लोक समजूतदार आहेत, त्यांनी मनाशी म्हटलं, जगात राहायचं तर काही गोष्टी कराव्या लागतात हे लोकांना कळतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते पुन्हा मोकळेपणी बोलायला लागले. एका ठिकाणी तर सुभाषची गोष्ट निघाली तेव्हा सवयीने "आमच्या घर..." इथवर आले आणि गिळून टाकलं.

घरात मात्र काहीतरी बिघडलं होतं. देवकीबाय त्यांच्याबरोबर प्रचाराला येत नव्हती. मागच्या दोन्ही वेळी बायकांची मतं तिनेच आणली होती. या वेळी म्हणाली, मला जमायचं नाही. ती बाहेरच्या खोलीत चटईवर निजायची. जेवण असायचं, पण बेचव, फोडणी नाही, तळण नाही, मासळी नाही. देवाजवळची समई लावायला शेजारची वत्सला यायची, सकाळी आणि तिन्हीसांजेला, लावून निमूट जायची. पात्रांवांनी एकदा विचारलं, वत्सला कशाला? देवकीबाय म्हणाली, मला लावायची नाही म्हणून. त्यांना वाटलं, रागावली आहे. बायकांचा राग निवडणुकीनंतर काढता येतो. आणि जेवण तर ते बाहेरच करत होते, कधी पावाचा उंडा आणि भाजी, कधी कोणाकडे पंगत.

अकराव्या दिवशी दुपारी ते घरी आले तर अंगणभर दोऱ्या बांधलेल्या, त्यावर घरातल्या सगळ्या चादरी, पडदे, उशांचे अभ्रे धुऊन घातलेले. गाद्या उन्हात. उंबरा सारवलेला. देवकीबाय न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून पायरीवर बसली होती. आतून कितीतरी दिवसांनी लसणीच्या फोडणीचा वास येत होता. वत्सला स्वयंपाकघरात होती.

पात्रांवांनी चपला काढत विचारलं, कोण पाहुणे यायचे आहेत?

"सुतक सुटलें," देवकीबाय म्हणाली. "सुभाषाचें."

त्यांना आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. हे घर दहा दिवस सुतकात होतं. त्या घरातून उठून ते देवळात गेले होते. देवीसमोर नारळ ठेवला होता. पन्नास घरांत बसले होते, पाणी प्याले होते, लोकांच्या पोरांना मांडीवर घेतलं होतं. साईशच्या कानावर हे गेलं तर? शेवटच्या सात दिवसांची पत्रकं तो यावरच छापील. ते खालच्या आवाजात बायकोवर चिडले, विचारून करायचं होतंस, सांगायचं तरी होतंस, माझं वाटोळं करायला निघालीस काय? आणि हे कोणाकोणाला ठाऊक आहे?

देवकीबायने शांतपणे सांगितलं. वत्सलाला ठाऊक होतं, नाहीतर समई कोण लावणार? भटजींना ठाऊक होतं, त्यांना विचारूनच तिने घेतलं. सगुणबाबाच्या घरी ठाऊक होतं. वाड्यावरच्या सगळ्या बायकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, दहा दिवस तिच्याकडे कोणी हळदीकुंकवाला आलं नाही की तिला कोणी बोलावलं नाही.

सगळ्या बायकांना ठाऊक होतं. आणि त्याच बायका त्यांच्यापुढे कदेल ठेवत होत्या, तांब्या आणत होत्या. सुतकातल्या माणसाला कोणी असं घरात घेतं? त्यांना अर्थ लागेना. ते विहिरीकडे निघाले, म्हणाले, पाणी काढायला सांग, मीही आत्ता न्हाऊन घेतो, भटजींकडून तीर्थ आणवतो, कोणी विचारलं तर सांगायला तरी होईल की दोघांनीही पाळलं.

देवकीबायने त्यांना थांबवलं. आवाज चढवला नाही. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"तुमका न्हावची गरज ना," ती म्हणाली. "हें घर म्हज्या बापायचें. तांकां मसणांत व्हेलें तेन्ना चार खांद्यांतलो एक सुभाषाचो. हांवें हें सुतक ह्या घरची धूव म्हूण घेतलां. भटजीक विचारलें, म्हज्या घोवाक लागता? तो म्हणालो, जांवयाक लागना. जांवय भायलो."

पात्रांव विहिरीच्या वाटेवर उभे राहिले. घरच्या लेकीने घेतलेलं सुतक बाहेरच्या जावयाला लागत नव्हतं. मग एकेक करून ती सगळी दारं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. हसून या म्हणणाऱ्या बायका, पुढे सरकवलेल्या कदेली, सरबताचे पेले. वाड्यावर कोणी त्यांना माफ केलं नव्हतं, कोणी समजूनही घेतलं नव्हतं. बाहेरून आलेल्या माणसाला बसायला देतात तसं त्यांना बसायला दिलं होतं.

आतून वत्सलाने हाक मारली, भात झाला म्हणून. देवकीबाय उठली, केसांची गाठ मारली आणि आत जाताना त्यांना म्हणाली, जेवायचं असेल तर या, नाहीतर तुमची माणसं वाट बघत असतील.

फाटकापाशी खरंच माणसं जमली होती. दुपारनंतर वरच्या गल्लीतली घरं घ्यायची होती. कोणीतरी पात्रांवांच्या नावाची पत्रकं छातीशी धरून उभं होतं. पात्रांवांनी चपला परत पायांत घातल्या आणि फाटकाकडे चालू लागले.